प्लॅनमधले किलोमीटर आणि तुमच्या पायांची मिनिटं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिथून १८ आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा मध्य येतो, आणि त्याच सुमारास रनिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘नवशिक्यांसाठी १८ आठवड्यांत फुल’ (म्हणजे ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन) अशी एखादी पीडीएफ फिरायला लागते. आठवड्यातून चार दिवस पळा, त्यातला एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं, सर्वांत मोठा लाँग रन ३२ किलोमीटर, मग तीन आठवडे टेपर, म्हणजे स्पर्धेआधी पळणं उतरवत नेणं. प्लॅन वाईट नसतो. फक्त त्यातली एक अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: हा प्लॅन आठवड्याला २५-३० किलोमीटर आधीपासून विनातक्रार पळणाऱ्यासाठी बनवलेला आहे.

दुसरी अट तर कुठे लिहिलेलीच नसते. असले प्लॅन मुळात मैलांतले. ३२ किलोमीटर म्हणजे २० मैल, एवढंच त्या आकड्याचं महत्त्व. आणि त्यातले आकडे साधारण सहा-साडेसहा मिनिटांत किलोमीटर काढणाऱ्याला बेतशीर बसतात. आपल्याकडे पहिल्यांदा फुल करायला निघालेल्यांत साडेसात-आठ मिनिटांच्या पेसवाले भरपूर असतात. पायाला किलोमीटर कळत नाही, किती वेळ रस्त्यावर आपटतोय तेवढं कळतं. म्हणून प्लॅन हातात पडला की पहिलं काम हे: तुमच्या इझी पेसने, म्हणजे आरामात पळताना एका किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांनी, प्रत्येक आकड्याला गुणा आणि शेजारी मिनिटं लिहा.

एक आठवडा करून बघू. प्लॅनच्या मध्यावर असा एखादा आठवडा असतो: मंगळवारी ८, बुधवारी १३, गुरुवारी ८, रविवारी २६. एकूण ५५ किलोमीटर. सहाच्या पेसने पळणाऱ्याचा लाँग रन २ तास ३६ मिनिटांचा आणि आठवडा साडेपाच तासांचा. आठच्या पेसने पळणाऱ्याचा लाँग रन ३ तास २८ मिनिटं आणि आठवडा ७ तास २० मिनिटं. कागद एकच, पण दुसऱ्या माणसाकडून तो जवळजवळ दोन तास जास्त मेहनत मागतोय, आणि हा दुसरा माणूस सहसा नवखा, वजनाने थोडा जास्त आणि नोकरी सांभाळून पळणारा असतो. आठव्या-नवव्या आठवड्यात नडगी किंवा गुडघा धरून बसणारे बरेच जण यातले. प्लॅन पाळला नाही म्हणून ते बसत नाहीत, तंतोतंत पाळला म्हणून बसतात.

आता हाच आठवडा आठच्या पेसवाल्यासाठी बदलू. मंगळवारी ७, बुधवारी १२, गुरुवारी ७, शनिवारी फक्त ४ आणि रविवारी २०. एकूण ५० किलोमीटर, ६ तास ४० मिनिटं. आठवड्यातून ४० मिनिटंच कमी झाली, पण लाँग रन ४८ मिनिटांनी उतरला आणि आठवड्यातला त्याचा वाटा ४७ टक्क्यांवरून ४० वर आला. शनिवारचे ते ४ किलोमीटर बघायला किरकोळ वाटतात. त्यांचं काम एवढंच की रविवारी पाय अगदी ताजे नसावेत आणि रविवारच्या एकाच सकाळवर सगळा भार पडू नये. लाँग रन आठवड्याच्या एक तृतीयांशाहून मोठा नको असं कोच सांगतात. चार-पाच दिवस पळणाऱ्या नवख्याला ते जमत नाही, कारण बाकीचे दिवस तेवढे मोठे करायला वेळच नसतो. ४० टक्के चालतील. ५० झाले तर तुम्ही आठवडाभर पळत नाही आहात, रविवारी एकदाच स्वतःला कुटून घेताय.

मृगापासून भाद्रपदापर्यंत

बेस म्हणजे काय याबद्दल गोंधळ फार. ‘माझा दहा किलोमीटरचा बेस आहे’ असं कोणी म्हणालं की समजावं, त्याने एकदा दहा किलोमीटर पळून बघितलंय. बेस म्हणजे सलग कित्येक आठवडे, खाडा न करता, हळू पळलेला वेळ. दम, हृदय, रक्ताचं वहन यांत चार-सहा आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायूही लवकर तयार होतात. टाचेची शीर (अ‍ॅकिलीस टेंडन) आणि हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात. हाडाची आणखी एक गंमत आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. म्हणजे मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं तेव्हाच दम सुधारलेला असल्यामुळे माणसाला वाटतं, आता वाढवू. स्ट्रेस फ्रॅक्चरची बरीचशी प्रकरणं या फटीत घडतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून १४ आठवडे मागे गेलं की ७ जूनच्या आसपास पोचतो, मृग नक्षत्र लागतं तेव्हा. बेस बांधायला याहून चांगला मुहूर्त नाही. मेचा उकाडा संपलेला असतो आणि वेगाचा मोहही पावसात आपसूक कमी होतो.

सुरुवात कोणी करावी? ज्याला ५ किलोमीटर एका दमात भराभर चालता येतात त्याने. वय चाळिशीपुढे, मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास, किंवा चालताना छातीत दाटून येत असेल तर आधी डॉक्टर. ते सांगतील त्या तपासण्या करून घ्या. त्यातच हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घेतलं तर बरं. विशेषतः बायकांमध्ये आणि शाकाहारी घरांत हे आकडे बरेचदा तळाशी असतात, आणि मग ‘ट्रेनिंग करूनही स्टॅमिना वाढत नाही’ या तक्रारीचं कारण पळण्यात सापडतच नाही.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस, दर वेळी ३० मिनिटं. पहिल्या आठवड्यात १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं. दुसऱ्यात २ ला १. तिसऱ्यात ४ ला १. चौथ्यात पुन्हा तेच, पण दिवस तीनच. पाचव्यापासून आठव्यापर्यंत तीन दिवस ३०-४० मिनिटं आणि रविवारी ५० पासून सुरू करून ७०. आठवा हलका. नवव्यापासून चौदाव्यापर्यंत ४०, ५०, ४० आणि रविवारी ९०. ही २२० मिनिटं झाली, साडेसातच्या पेसने सुमारे २९ किलोमीटर. त्या पीडीएफची पहिली अट इथे पूर्ण झाली, आणि ती पूर्ण करताना किलोमीटरचा विचार एकदाही करावा लागला नाही.

दर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. मला तो फारसा पटत नाही. आठवड्याला १२ किलोमीटर पळणाऱ्याने १.२ वाढवायचे म्हटलं तर तो पुढच्या वर्षी पोचेल, आणि ५० पळणाऱ्याने सलग सहा आठवडे ५-५ वाढवले तर तो मोडेल. त्यापेक्षा पायऱ्या करा. आकडा वाढवला की दोन आठवडे तिथेच राहा, मग पुढची पायरी, आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला २५-३० टक्के कपात. कपातीच्या आठवड्यात दिवस सहसा कमी करू नका, प्रत्येक दिवस लहान करा.

बेस झाला हे ओळखायचं कसं? सलग चार आठवडे एकही दिवस न चुकवता झाले असतील, ९० मिनिटांच्या रननंतर सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागत नसेल, आणि त्याच रस्त्यावर तेवढ्याच हृदयगतीला जूनपेक्षा पेस थोडा सुधारला असेल तर झाला. घड्याळ असेल तर आणखी एक तपासणी. एकसारख्या पेसने ९० मिनिटं पळा आणि पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी हृदयगती शेवटच्या अर्ध्या तासाशी ताडून बघा. १४० ची १४७ झाली तर ठीक. १४० ची १६० झाली तर बेस अजून ओला आहे, निदान त्या दिवशीच्या दमटपणाला तरी पुरत नाही. अशा वेळी १८ आठवड्यांच्या प्लॅनचे पहिले तीन-चार आठवडे वगळून तेवढे दिवस बेसवरच राहा. तसंही त्या आठवड्यांतले लाँग रन १०-१२ किलोमीटरचे असतात, त्यामुळे काही बिघडत नाही.

हळू म्हणजे किती हळू

इझी रन म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असं पळणं. ‘हो’, ‘नाही’, ‘पुढे’ एवढंच निघत असेल तर ते इझी नाही. एकटे पळत असाल तर मनाचा एखादा श्लोक मोठ्याने म्हणून बघा. एक ओळ एका श्वासात म्हणता आली की पेस बरोबर.

घड्याळातले झोन, म्हणजे हृदयगतीवरून ठरवलेले मेहनतीचे टप्पे, डोळे झाकून मानू नका. ते बहुतेक वेळा २२० वजा वय या सूत्रावर बसवलेले असतात, आणि कमाल हृदयगती माणसागणिक त्या आकड्याहून १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असते. मनगटावरचा सेन्सर घामात आणि पट्टा सैल असताना हृदयगतीऐवजी पावलांचा ठेका पकडतो. इझी रनमध्ये अचानक १७० दिसले आणि तुम्ही मजेत बोलताय, तर घड्याळ तुमची पावलं मोजतंय. छातीचा पट्टा घेतला तर हा प्रश्न सुटतो. नाही घेतला तर बोलण्याची कसोटी पुरते.

इझी पेस इतका हळू निघतो की लाज वाटते, आणि तिथेच गाडी घसरते. स्ट्राव्हावर (रन नोंदवून मित्रांना दाखवायचं अ‍ॅप) आठ-पंधराचा पेस दिसला की मित्र काय म्हणतील म्हणून माणूस सातने पळतो. रोज सातने पळालं की रोज अर्धवट दमणं होतं, बुधवारी पाय जड आणि रविवारी १२ किलोमीटरनंतर पोटऱ्या दगड. वेगाची हौस भागवायला आठवड्यातून एकदा इझी रनच्या शेवटी चार ते सहा स्ट्राइड्स घ्या: २० सेकंद चपळ पण घट्ट न होता पळायचं, मग दीड मिनिट चालायचं. दम लागायच्या आत ते संपतं, पाय मात्र वेगाला सरावतो. बेसच्या काळात यापलीकडे स्पीडवर्कची गरज नाही. इंटरव्हल्स, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात मारलेल्या फेऱ्या, तर नकोतच.

चालण्याची लाज तर त्याहून मोठी. ४ मिनिटं ७:२० च्या पेसने पळून १ मिनिट झपझप चाललं, तर सरासरी ७:५० च्या आसपास पडते. न थांबता आठने घासत जाण्यापेक्षा हे जलद आहे आणि पोटऱ्यांना दर पाच मिनिटांनी उसंत मिळते. अट एकच. चालण्याचे ब्रेक पहिल्या पाच मिनिटांपासून घ्यायचे. दमल्यावर चालणं म्हणजे रन-वॉक नव्हे, तो नाइलाज असतो.

पाऊस, बूट आणि पोटऱ्या

बेसचे महिने पावसाचे, म्हणून दोन जोड बूट हवेत. ओला बूट पंख्याखाली ठेवून एका रात्रीत वाळत नाही. आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर तळव्याचा गोंद सुटतो. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. वरून नवा दिसला तरी तळव्याच्या बाजूच्या फोमला आडव्या सुरकुत्या पडून त्या उठेनाशा झाल्या की तो संपला. बूट संध्याकाळी मापा, पाय तेव्हा सुजलेला असतो, आणि अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. शेवटच्या महिन्यात नखं काळी पडतात ती ही जागा न सोडल्यामुळे.

ओल्या मोज्यांनी फोड येतात, ओल्या कपड्यांनी काखा आणि मांड्या सोलतात. पेट्रोलियम जेली लावा, पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप चिकटवा. सुती मोजे आणि सुती बनियन पावसाळ्यात घालू नका. फुटलेला फोड किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून पळू नका. मुंबईत लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) भीती खरी आहे, आणि साचलेल्या पाण्याखाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसतही नाही. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलेलं असतं. त्यापेक्षा डांबरी रस्त्याची कड बरी, पण रस्ता कडेला उतरता असतो. एकाच कडेने रोज पळालं तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो आणि खुब्याच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत दुखणं सुरू होतं. बागेत किंवा मैदानात फेऱ्या घालत असाल तर दिशा एक दिवसाआड बदला.

आठवड्यातून दोन दिवस २० मिनिटं ताकदीची. जिमची गरज नाही. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वर-खाली, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. दोन्हीचे १२ चे तीन सेट. गुडघा वाकवलेला प्रकार लोक सोडून देतात, पण पोटरीचा आतला स्नायू त्याने कसला जातो, आणि लांब पळताना मोठा भार तोच उचलतो. शिवाय स्क्वॉट, लंजेस, एका पायावर ब्रिज, आडवा प्लँक. लक्ष्य म्हणून, बेस संपताना एका पायावर सलग २५ वेळा टाच पूर्ण उचलता यायला हवी. डाव्या पायावर २५ आणि उजव्यावर १४ असं निघालं, तर पुढची दुखापत कोणत्या पायाला होईल ते आत्ताच कळलं म्हणा.

दुखण्याचं गणित साधं ठेवा. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असेल तर पळा, पण कमी. चाल बदलावी लागत असेल तर लगेच थांबा. नडगीच्या आतल्या कडेने पाच-सहा इंचांच्या पट्ट्यात दुखतं ते शिन स्प्लिंट्स. आठ-दहा दिवस कमी पळून, पोटऱ्यांचा व्यायाम करून ते सहसा उतरतं. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि ऑर्थोपेडिक गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेत स्ट्रेस फ्रॅक्चर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयत दिसतं. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका.

आठवडे बुडतात तेव्हा

१८ आठवडे सरळ कोणाचेच जात नाहीत. आपल्याकडे तर नवरात्र, दिवाळी, लग्नसराई आणि काही वर्षी गणपतीही, सगळं याच प्लॅनच्या पोटात. दिवाळीचा आठवडा आधीच हेरून प्लॅनमधला हलका आठवडा तिथे सरकवून ठेवा. फराळ, पाहुणे आणि फटाक्यांचा धूर यांच्यातून २४ किलोमीटर पळायचा अट्टहास कशाला? नवरात्रात नऊ दिवसांचे उपास असतील तर साबुदाणा, रताळं, राजगिरा यांतून कर्बोदकं मिळतात, प्रथिनांसाठी दूध-दही वाढवा आणि लाँग रन दीड तासावर आणा. निर्जळी उपासाच्या दिवशी लाँग रन ठेवू नका.

बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत. तीन-चार दिवस गेले तर जिथे प्लॅन आहे तिथून पुढे. एक आठवडा गेला तर तो आठवडा इझीवर काढा आणि लाँग रन शेवटच्या पूर्ण झालेल्या रनएवढाच ठेवा. दोन आठवडे गेले तर दोन पायऱ्या मागे. चार आठवडे गेले आणि हातात आठच उरले असतील, तर फुलचा नाद या वर्षापुरता सोडणं शहाणपणाचं. एंट्री फी वाया जाते, पण पाय वाचतो.

आजारपणात सर्दी नुसती नाकात असेल तर हळू पळायला हरकत नाही. ताप, छातीत कफ, अंगदुखी असेल तर एक पाऊलही नको. विषाणूच्या तापात जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप पूर्ण उतरून काही दिवस गेले की २० मिनिटं चालण्यापासून सुरू करा. डेंग्यू झाला असेल तर प्लेटलेट्स जागेवर आल्या म्हणजे ताकद आली असं होत नाही. अशक्तपणा कित्येक आठवडे रेंगाळतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा डेंग्यूचाच हंगाम. डॉक्टरांनी मोकळं केल्यावरही प्लॅन दोन पायऱ्या नाही, थेट बेसच्या मधल्या टप्प्यावर न्या.

हंगामातल्या स्पर्धांचंही असंच. सातारा हिल हाफ, म्हणजे घाटातली २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, सप्टेंबरात येते, नेमकी बेस संपून प्लॅन सुरू होताना. यवतेश्वरचा घाट चढताना दम जातो, पण मांड्या जातात त्या उतरताना. तिथे टायमिंग काढायला गेलात तर प्लॅनचे पहिले दोन आठवडे गेलेच समजा. करायचीच असेल तर चढ चालत, उतार आवरून, लाँग रन म्हणून करा. डिसेंबरच्या सुरुवातीची एखादी सपाट हाफ मात्र उपयोगी. मुंबईला सहा आठवडे उरलेले असतात आणि तिथला वेळ खरा अंदाज देतो. पहिल्या फुलसाठी हाफची दुप्पट अधिक अर्धा तास धरा. हाफ अडीच तासांत झाली तर फुल साडेपाच. ऑनलाइन कॅल्क्युलेटर याच हाफवरून सव्वापाच तासांच्या आत-बाहेरचा आकडा देतात. तो आठवड्याला ७०-८० किलोमीटर पळणाऱ्यांसाठी ठीक, तुमच्या पायांत तेवढे किलोमीटर नाहीत.

तीस की बत्तीस

आता तो ३२ किलोमीटरचा रन. आठच्या पेसने त्याला ४ तास १६ मिनिटं लागतात. साडेतीन तासांनंतर जे होतं त्यात फायदा थोडा आणि मोडतोड फार: पाय घासत पडतो, कंबर वाकते आणि पुढचे आठ-दहा दिवस नीट पळणं होत नाही. मी साडेतीन तासांना कुंपण घालीन. आठच्या पेसने त्यात २६ किलोमीटर बसतात. मग उरलेल्या १६ किलोमीटरचं काय, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन भागांत. शनिवारी एक तास आणि रविवारी तीन तास अशी जोडी प्लॅनच्या शेवटच्या दोन महिन्यांत तीन वेळा लावा, दर दोन आठवड्यांनी. आणि साडेतीन तासांचे दोन रन करा, शेवटचा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. ‘एकदा तरी तिशी ओलांडलीच पाहिजे’ असं मानणारे अनुभवी कोच आहेत. मनाच्या समाधानासाठी एकदाच ३० करायचे असतील तर करा, पण तीनला एक असा चालत-पळत.

लाँग रनला खाणं-पिणंही सरावाचा भाग आहे. ९० मिनिटांहून लांब रनमध्ये ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, बहुतेक जेलमध्ये (पळताना खायचं पाकिटातलं गोड मिश्रण) २० ते २५. मीठ लावलेला उकडलेला बटाटा उत्तम, फक्त खिशात चेंगरतो. चिक्की सोपी वाटते, पण शेंगदाण्यातल्या स्निग्धामुळे हळू पचते आणि पळताना दाढेत चिकटते. नुसता गूळ किंवा खजूर बरा. पहिला घास ४० व्या मिनिटाला, भूक लागायच्या आधी.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर काढा. एक तास पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६८ चे ६६.९ झाले आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर तासाला १.४ लिटर घाम. तेवढं सगळं परत प्यायचं नाही, ते पोटात राहतही नाही. तहानेनुसार ४०० ते ७०० मिली बहुतेकांना पुरतं. रननंतर वजन वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त पाणी प्यायलाय, आणि ते कमी पिण्याहून धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या बाटलीत आख्खं पाकीट ओतलं की मळमळतं, आणि दोष जेलवर जातो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ओआरएस डॉक्टरांना विचारूनच.

ऑक्टोबर हीटमध्ये लाँग रन वाढायला लागतात हे या प्लॅनचं दुर्दैव. तेव्हा किलोमीटरमागे २०-४० सेकंद हळू पळालं तरी मेहनत तेवढीच असते. पेस सोडा, मिनिटं धरा, साडेचारला घराबाहेर पडा. डिसेंबरात हवा थंड होते पण धुरकं बसतं. हवेचा निर्देशांक २०० च्या वर असेल त्या दिवशी रन लहान करा किंवा ट्रेडमिलवर न्या.

मुंबईच्या फुलमध्ये वर्षानुवर्षं पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिशी उलटल्यावर येत आला आहे. रूट अधूनमधून बदलतो, तरी चढाची तयारी ठेवलेली बरी. लाँग रनची शेवटची २० मिनिटं एखाद्या फ्लायओव्हरवरून दोनदा जातील असा रस्ता आखा. चढ ताज्या पायांनी नाही, थकलेल्या पायांनी शिकायचा असतो.

टेपरमध्ये मिनिटं उतरवा, दिवस तेच ठेवा. तीन आठवडे उरले की नेहमीच्या ७५ टक्के, दोन उरले की ५५. या काळात हमखास कुठेतरी नवं दुखणं सुरू होतं. पळणं कमी झाल्यामुळे शरीराकडे लक्ष जायला वेळ मिळतो, बाकी काही नाही. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ३० मिनिटं, गुरुवारी २० मिनिटं आणि चार स्ट्राइड्स, शनिवारी सकाळी १५ मिनिटं. बिब (छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर) आणायला बीकेसीला एक्स्पोत जायचं ते पहिल्याच दिवशी उरकून या. शनिवारी लोकलने जाऊन, रांगेत उभं राहून आणि एक्स्पोतले स्टॉल बघत हिंडून तीन-चार तास सहज पायांवर जातात, आणि प्लॅनमध्ये ती मिनिटं कुठेच धरलेली नसतात.